शाळेचे दार आणि वसतिगृहाची भाकरी

शिक्षण सर्वांना खुले आहे, हे वाक्य स्वातंत्र्यानंतर जन्माला आले अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. शाळेने त्याला घेतले नाही. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. एकदोघांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुती डावलल्या तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. प्रकरण पुढे कलकत्त्यास आणि लंडनला गेले. अखेर १८५८ मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावे लागले की, जी शाळा सर्वस्वी सरकारी खर्चाने चालते ती सर्व जातींच्या प्रजेला सारखीच खुली राहील. म्हणजे कागदावर दार उघडून आज दीडशेहून अधिक वर्षे झाली.

दार उघडे, आणि तरीही आत बसलेल्यांत आमची माणसे मोजकी. हे कोडे प्रस्थापितांनी आपल्या सोयीने सोडवून टाकले आहे. 'त्यांना शिक्षणाची आवडच नाही', 'आईबापच पाठवत नाहीत', 'सवलती असूनही घेत नाहीत', ही वाक्ये मी शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर ऐकतो. ती बोलणारी माणसे दुष्ट असतात असे नाही. त्यांच्या घरात शिक्षण तीन-चार पिढ्यांपासून आहे, त्यामुळे शिक्षणाला फी आणि पुस्तक यांखेरीज आणखी काही लागते हे त्यांना दिसतच नाही. संध्याकाळची भाकरी, रात्री अंग टाकायला जागा आणि दिवसभराच्या मजुरीतून सुटका, या तीन गोष्टी त्यांच्या हिशेबात येत नाहीत, कारण त्या त्यांना आयत्या मिळालेल्या असतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या चळवळीने शाळेच्या दारासाठी लढा दिला तो योग्यच होता. पण ज्यांनी आम्हाला खरोखर आत टिकवले ती वसतिगृहे होती, आणि त्यांच्याकडे आपले लक्ष कमी होत गेले. हे सिद्ध करायला फार लांब जाण्याची गरज नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पुरेत. १९४९ पर्यंत यांतला ब्रिटिश अमलाखालचा मुलूख हा एकच सातारा जिल्हा होता. त्या वर्षी त्याचा दक्षिण भाग आणि आसपासची विलीन झालेली संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

या मातीचा शिक्षणाशी संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले त्यातला मुद्दा आजही शिळा झालेला नाही. सरकारचा महसूल शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या सरकारी कल्पनेवर त्यांनी नेमके बोट ठेवले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. पैसा कोण देतो आणि शाळा कोण शिकतो, हा प्रश्न विचारणारा हा कदाचित आपल्याकडचा पहिला माणूस. त्याच्याकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

आता साताऱ्याच्या शाळेकडे येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव पटावर चढले. रजिस्टरला १९१४ हा क्रमांक. ते बाबासाहेब आंबेडकर. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भाषणे होतात, रजिस्टरचे छायाचित्र वाटले जाते. पण पटावर नाव चढल्यावर काय झाले, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाट, तेही स्वतःचे, रोज घरून आणायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली तर नळ स्वतः उघडता येत नसे. शिपाई हजर असेल तर पाणी, नसेल तर तहानलेले राहणे. १८५८ च्या जाहीरनाम्यानंतर ४२ वर्षांनी 'सर्वांना खुल्या' असलेल्या शाळेची ही आतली बाजू होती.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बाबासाहेब त्या कोपऱ्यापर्यंत तरी पोहोचले कसे? रामजी सुभेदार लष्करात होते. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सोय होती, आणि रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. घरात निवृत्तिवेतन होते, पुस्तक होते, गावकीची कामे मानेवर नव्हती. १८९० च्या दशकात सरकारने महारांची लष्करभरतीच बंद केली आणि ही वाट पुढच्या पिढीपुरती बुजली. म्हणजे साताऱ्याच्या त्या रजिस्टरात एक नाव चढले तेव्हाच, ते ज्या शिडीने चढले ती शिडी काढून घेतली गेली होती. पुढेही प्रत्येक पायरीवर कोणाचा तरी आधार लागलाच. एल्फिन्स्टन कॉलेजात बडोद्याच्या सयाजीरावांचे महिना २५ रुपये. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाताना त्यांचीच महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती. बुद्धी अलौकिक होती, पण अलौकिक बुद्धीलाही जेवावे लागते. हे बाबासाहेबांइतके कोणाला कळले नसेल, म्हणून तर १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर तिच्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते.

आता सांगली जिल्ह्यातली दोन मुले घेऊ. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मांगवाड्यात अण्णा भाऊ साठे जन्मले. ११ जुलै १९२१ रोजी आटपाडीच्या महारवाड्यात शंकरराव खरात जन्मले. अंतर एका वर्षाचेही नाही. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. पुढे कुटुंबाबरोबर पायी चालत ते मुंबईला गेले, आणि अक्षरे गिरवली ती गिरणगावच्या कामगारांत, पक्षाच्या कचेरीत, दुकानांच्या पाट्या वाचत. खरात वकील झाले, लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दोघांत बुद्धीचा फरक होता असे म्हणायची कोणाची छाती आहे? 'फकिरा' लिहिणाऱ्या माणसाबद्दल तरी नाही.

फरक गावांचा होता, आणि राज्याचाही असावा. वाटेगाव ब्रिटिश अमलाखाली. तिथे मांग-रामोश्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा होता, बाप्यांना हजेरी होती, आणि अशा घरातल्या पोराकडे मास्तर कोणत्या नजरेने पाहणार हे सांगायला नको. आटपाडी औंध संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी शिक्षणाचे पुरस्कर्ते होते, आणि याच आटपाडीजवळ १९३९ मध्ये कैद्यांची स्वतंत्रपूर ही खुली वसाहत त्यांच्या राज्यात उभी राहिली. औंधातही अस्पृश्यता होती. 'तराळ-अंतराळ' वाचणाऱ्याला ती किती होती हे सांगावे लागत नाही. तरीही माझे मत असे आहे की, शाळेबाबत राज्यकर्ता काय ठरवतो याने एका पिढीचे नशीब बदलते. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. आणि त्याआधीच, १९०८ मध्ये, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले होते. आधी वसतिगृह, मग सक्ती. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हाच क्रम सातारकरांनी पाहिला तो भाऊराव पाटलांच्या कामात. भाऊरावांचे मूळ घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. सत्यशोधक विचारांत ते वाढले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. बाबासाहेबांची सभा आणि भाऊरावांचे सातारचे बोर्डिंग यांचे साल एकच, हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो. या बोर्डिंगात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुले एका पंगतीला बसत. स्वयंपाक, पाणी, दळण मुलांनीच करायचे. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते. ती सांगताना त्यागाचे गुणगान होते. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. मंगळसूत्र मोडून शाळेची इमारत बांधली गेली नाही, ज्वारी घेतली गेली.

भाऊरावांनी शाळा त्यानंतर काढल्या. १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. 'कमवा आणि शिका' ही त्यांची योजना म्हणजे गरीब मुलाने दगड फोडावेत, शेतात राबावे आणि त्या मजुरीवर शिकावे. तिचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि तिने हजारो मुले शिकली हे खरेच आहे. तथापि एक शंका मांडतो. ज्याच्या बापाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबून काढल्या, त्याच्या मुलानेच शिकण्यासाठी पुन्हा का राबावे, आणि वकिलाच्या मुलाने का नाही? भाऊरावांनी सर्व जातींच्या मुलांना सारखेच राबवले, म्हणून तिथे श्रमाला प्रतिष्ठा आली. आज ही योजना महाविद्यालयांत उरली आहे ती बहुधा गरिबांपुरती, तुटपुंज्या मोबदल्यावर. नाव तेच राहिले, अर्थ बदलला.

हा अनुभव फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात टोपेका नावाचे गाव आहे. तिथल्या लिंडा ब्राऊन या काळ्या मुलीच्या घरापासून सात गल्ल्यांवर गोऱ्यांची शाळा होती, पण तिला दूरच्या काळ्यांच्या शाळेत बस पकडून जावे लागे. तिच्या बापाने इतरांबरोबर दावा लावला आणि १७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तीन वर्षांनी लिटल रॉक गावी नऊ काळी मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा त्यांना आत न्यायला केंद्र सरकारचे लष्कर आणावे लागले. दक्षिण आफ्रिकेत याच सुमारास उलटी दिशा होती. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना मजूर होण्यापुरतेच शिकवायचे असे ठरवले, आणि १९७६ च्या १६ जूनला सोवेटोची शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

टोपेका आणि सोवेटो आपल्या वाचकांना माहीत असतात. ओस्त्रावा मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि आपल्याला शिकण्यासारखे तिथेच अधिक आहे. हे झेक देशातले शहर. तिथे रोमा जमातीची, म्हणजे युरोपातल्या भटक्यांची, वस्ती आहे. शाळेत प्रवेश नाही असे त्यांना कोणी म्हणाले नाही. मुलांची बुद्धी तपासण्याची चाचणी घेतली आणि त्यांना मंदबुद्धी मुलांच्या खास शाळांत बसवले. रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती. अठरा मुलांनी दाद मागितली, आणि २००७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव आहे असा निर्णय दिला. दार बंद न करता बाहेर ठेवण्याची ही रीत आहे. आपल्याकडे कैकाड्याच्या, पारध्याच्या पोराला मागच्या रांगेत बसवून 'याच्या डोक्यात काही शिरत नाही' म्हणतात, तेव्हा चाचणीचा कागद नसतो एवढाच काय तो फरक. युनेस्कोच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २५ कोटी मुले आणि तरुण शाळेबाहेर आहेत. या आकड्यात ओस्त्रावासारखी मुले येत नाहीत. ती शाळेत आहेत, पटावर आहेत.

आता पुन्हा आपल्या दोन जिल्ह्यांकडे. कृष्णा आणि वारणाकाठचा पश्चिम भाग ऊसवाला, आणि माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा पूर्वेचा पट्टा कोरडा. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के आणि सांगलीची सुमारे ८१ टक्के आहे. हे आकडे चांगलेच आहेत. पण सरासरी ही ऊसवाल्या आणि कोरड्या गावांना एकाच मापात भरते.

शिक्षणसंस्थांची दाटी ऊसपट्ट्यात आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी १९६० चे, मिरजेचे शासकीय वैद्यकीय १९६२ चे. १९८३ मध्ये, सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी साखराळ्याला राजारामबापू अभियांत्रिकी निघाले, १९८४ मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय. महाराष्ट्रभर साखर कारखान्याच्या परिसरात महाविद्यालय, हे चित्र रूढ झाले. या धोरणाला एका शब्दात वाईट म्हणणे मला पटत नाही. ज्यांच्या घरात कोणी शहर पाहिले नव्हते अशी शेतकऱ्यांची हजारो मुले त्यातून इंजिनिअर झाली, आणि राखीव जागांवर आमचीही काही गेली. पण फी भरण्याची ऐपत ही पात्रता ठरू लागली ती तेव्हापासून.

आणि जोतीरावांचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. ऊस तोडतो कोण? दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडहून, जतहून, माणदेशातून टोळ्या येतात. त्यांत दलित आहेत, भटके आहेत, कोरडवाहू शेतकरी आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव देणारी ही भाषा आहे. पहाटे फडात जायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, रात्री कारखान्यावर रांगेत थांबायचे. पाचटाच्या कोपीत धाकटे भावंड सांभाळायला आठ-दहा वर्षांची पोरगी मागे राहते. तिचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असतेच. गाळपाचे पाच-सहा महिने ती तिथे नसते, आणि ती परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. 'उपरा'मध्ये (१९८०) लक्ष्मण माने यांनी गाढवांच्या पाठीवर फिरणाऱ्या घरातल्या पोराची शाळा सांगितली. ती गाढवे गेली, ट्रॅक्टर आला, फिरणे संपले नाही. जोतीरावांच्या काळी रयतेच्या पैशावर भटा-प्रभूंची मुले शिकत. आज कोयत्याच्या घामावर गाळली गेलेली साखर ज्या परिसरात महाविद्यालये उभी करते, त्या परिसरात कोयत्याचे मूल उसाची वाढे गोळा करते.

या मुलांसाठी दोन उपाय झाले. एक, कारखान्याच्या तळावर साखरशाळा. दुसरा, गावातच हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप गेले तरी मूल आजीआजोबांकडे किंवा नातेवाइकाकडे राहील आणि दोन्ही वेळचे जेवण शाळेत मिळेल. मला दुसरा उपाय अधिक बरोबर वाटतो, कारण त्यात मुलाची शाळा, मास्तर आणि सोबती बदलत नाहीत. पण त्याची गाडी नेहमी मंजुरीपाशी अडते. टोळी जाते आधी, मंजुरी येते नंतर. आईबाप मुलाला कोणाच्या भरवशावर ठेवतील? ते त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवतात, आणि मग सर्वेक्षणात लिहिले जाते: पालकांची अनास्था.

मी स्वतः आमच्या घरातला पहिला पदवीधर. आईवडील दुसऱ्याच्या रानात रोजाने जात. अकरावीपासून मी मागासवर्गीय मुलांच्या शासकीय वसतिगृहात राहिलो. आमटी पातळ असे, पुस्तकांचे कपाट कुलूपबंद असे, आणि एका वर्षी प्रवेशाची यादी इतकी उशिरा लागली की पहिली चाचणी मी एका मित्राच्या घरच्या ओट्यावर अभ्यास करून दिली. तरी त्या इमारतीचे माझ्यावर उपकार आहेत, कारण तिथे संध्याकाळी 'उद्या कामाला ये' म्हणून हाक मारणारे कोणी नव्हते. आमच्या खोलीतले चौघेही पदवीपर्यंत गेले. गावात राहून एस.टी.ने ये-जा करणारे, आमच्यापेक्षा हुशार असे दोघे, बारावीतच गळाले. त्यांतला एक आज सेंट्रिंगच्या कामावर आहे आणि भेटला की मला 'सर' म्हणतो. ते ऐकून बरे वाटत नाही.

आता मी शिकवतो त्या वर्गातही हेच दिसते. जूनमध्ये वर्ग भरलेला असतो. दिवाळीनंतर रोडावतो. कारण विचारले की उत्तरे ठरलेली: खोलीचे भाडे, मेसचे पैसे, घरी कोणी आजारी. फीचे कारण आता क्वचित निघते, कारण फीसाठी काहीतरी तरतूद असते. अनुसूचित जातींच्या मुलांना १९४४ पासून चालत आलेली भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. २०२४ पासून राज्यात ठराविक उत्पन्नाच्या आतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली आहे. निर्णय चांगला. पण जतची मुलगी सांगलीत शिकायला आली तर झोपणार कुठे, हा प्रश्न त्याने सुटला नाही. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. तीही चांगली. मात्र पैसा हप्त्याहप्त्याने, आणि बहुधा मागाहून येतो. भाडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यावे लागते.

लहान मुलांच्या बाबतीतही दाराची कथा संपलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. गरिबाच्या मुलाने श्रीमंताच्या मुलाशेजारी बसू नये यासाठी अंतर मोजण्याची कल्पना कोणाला सुचली असेल, याचे मला आश्चर्य वाटत नाही. ही कल्पना जुनीच आहे, फक्त पूर्वी ती गोणपाटाने मोजली जाई. दुसरीकडे पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरी वाड्यांतल्या कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा एकत्र करण्याची भाषा अधूनमधून होते. सात वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात ओढा ओलांडून पलीकडे पाठवा, असे सांगणे म्हणजे शाळेचे दार चार किलोमीटर मागे सरकवणे.

कार्यकर्त्यांशी मी हे बोलतो तेव्हा ते म्हणतात, वसतिगृहाच्या प्रश्नावर मोर्चे निघतातच की. निघतात, पण जेवण खराब आहे, गृहपाल अरेरावी करतो, यासाठी. ते हवेतच. तथापि आपल्या तालुक्यात दहावी पास झालेली मुले किती, त्यांतली बाहेरगावी शिकायला जाणारी किती, आणि खाटा किती, हा साधा हिशेब कोणत्या शाखेकडे आहे? माझ्या पाहण्यात तो नाही. मागणीपत्रात 'वसतिगृहे वाढवा' असे शेवटच्या ओळीत लिहिलेले असते, आकडा नसतो. आकडा नसला की अधिकारी मागणीपत्र घेतो, चहा देतो आणि निरोप देतो.

हंगामी वसतिगृहाच्या बाबतीत तर हिशेब अगदी हाताशी आहे. मुकादम उचल वाटतो ती गाळप सुरू होण्याच्या कितीतरी आधी. पोळ्याच्या सुमारास कोणत्या घराने किती उचल घेतली, हे वाडीवस्तीवर सगळ्यांना ठाऊक असते. म्हणजे कोणती मुले जाणार याची यादी दसऱ्याच्या आधी महिनाभर शिक्षकाला घरबसल्या करता येते. जतमधल्या आणि माणमधल्या आपल्या शिक्षक मित्रांनी ती सप्टेंबरातच करावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी. कारखान्याचा बॉयलर कधी पेटणार याची तारीख तोपर्यंत ठरत आलेली असते. त्याच तारखेला शाळेतली चूलही पेटली पाहिजे, अशी मागणी त्या अर्जात आकड्यासह लिहावी: इतकी मुले, इतके महिने, दोन वेळचे जेवण.